हाडांची गोळी घेतल्यावर छातीत जळजळ का होते?

गोळी आठवड्यातून एकदाच, पण ती घेतली की छातीत जळजळ, मळमळ, पोटदुखी. ऑस्टिओपोरोसिससाठी म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी अ‍ॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. मग काही जण गोळी परस्पर बंद करून टाकतात. बऱ्याचदा खरी गडबड गोळी घेण्याच्या पद्धतीत असते.

हे औषध हाडं झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतं. पण गोळी अन्ननलिकेत अडकली किंवा पोटातून वर आली, तर तिथल्या अस्तराला इजा होते. शिवाय रिकाम्या पोटीही औषधाचा १ टक्क्याहून कमी भाग शरीरात शोषला जातो. कॉफीसोबत घेतलं, तर त्यातलाही जवळपास ६० टक्के वाया जातो!

म्हणून सकाळी उठल्यावर काहीही खाण्यापिण्याआधी गोळी पेलाभर साध्या पाण्यासोबत गिळायची, चघळायची नाही. त्यानंतर किमान ३० मिनिटं (आयबॅन्ड्रोनेट असेल तर ६०) आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. चहासुद्धा नाही, आणि आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड जातं. कॅल्शियमची गोळी दिवसात नंतर कधीतरी घ्यावी. एवढं करूनही जळजळ होत असेल किंवा गिळताना दुखत असेल, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावं.

गोळी सोसत नसेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हा पर्याय असतो. ते साधारणपणे वर्षातून एकदा शिरेतून देतात. त्यानंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. हा त्रास बहुतेकदा पहिल्याच वेळी जास्त असतो. भरपूर पाणी प्यावं आणि पॅरासिटामॉल चालेल का, हे आधीच विचारून ठेवावं.

जबड्याच्या हाडाला इजा होण्याची भीती बरीच पसरलेली आहे. ती शक्यता दुर्मीळ आहे, तरीही दात काढायचा असेल तर तो उपचार सुरू होण्याआधी काढलेला बरा. मांडीत किंवा जांघेत सतत ठणका लागला, तर अंगावर काढू नये.

ही औषधं हाडात वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे काही वर्षांनी डॉक्टर स्वतःच सुट्टी देऊ शकतात. डेनोसुमॅबचं मात्र उलट आहे. दर ६ महिन्यांनी घ्यायचं हे इंजेक्शन चुकलं, तर हाडांची झीज झपाट्याने वाढते आणि मणक्याची हाडं मोडू शकतात. त्याची पुढची तारीख मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा.