सुरांची विद्या आणि ताऱ्यांचा प्रवास : लामगाव ते व्हॉयेजर

कल्पनारम्य साहित्यातील एक कथाप्रकार जगभरच्या बालवाचकांना आणि किशोरांना विशेष प्रिय आहे. आडगावातले एक मूल असते. त्याच्या गळ्यात किंवा बोटांत काही वेगळे आहे, हे प्रथम एखाद्या वाटसरू गुरूच्या ध्यानी येते. मूल घर सोडते, एका गुरूकडून दुसऱ्याकडे जाते, नाद हीच शक्ती असलेली विद्या हस्तगत करते आणि अखेरीस पृथ्वीची सीमा ओलांडून ताऱ्यांमध्ये प्रवेश करते. या कथांत मंत्राच्या जागी सूर असतो आणि शस्त्राच्या जागी वाद्य. बालपण संपून प्रौढत्व येण्याची प्रक्रिया आणि विद्येची प्राप्ती या दोन्ही गोष्टी तेथे एकच असतात.

या प्रकाराची बीजे जुनीच आहेत. ग्रीक पुराणातील ऑर्फियसच्या वीणेने पाषाण हलत असत. तानसेनाच्या दीपक रागाने दिवे पेटल्याची आणि मल्हाराने पाऊस पडल्याची आख्यायिका भारतात घरोघरी सांगितली जाते. दूरच्या प्रवासाच्या अद्भुत कथांचे तर डिचोली तालुक्याला अप्रूप नाही. शिरगावची लईराई, मयेची महामाया, मुळगावची केळबाई या बहिणी असून त्या दूरवरून या भूमीत आल्या आणि आपापल्या गावी स्थिरावल्या, ही कथा येथील मुले शाळेत जाण्याआधीच ऐकतात. मराठीत अंतराळाची कथा रुजवण्याचे मोठे श्रेय डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे जाते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ साली टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून त्यांचे ललित लेखन सुरू झाले. ‘प्रेषित’ ही त्यांची कादंबरी परग्रहावरून आलेल्या आणि पृथ्वीवर वाढलेल्या मुलाची आहे. मात्र या दालनात संगीताला फारसे स्थान मिळाले नाही. आपल्याकडची विज्ञानकथा गणिताच्या आणि भौतिकीच्या अंगाने वाढली. राग-तालाची परंपरा इतकी समृद्ध असूनही ती अंतराळयानात फारशी चढली नाही, ही उणीव जाणवण्याजोगी आहे.

विशेष हे की, जे मराठी कथेत क्वचितच घडले ते प्रत्यक्षात घडले आहे. त्या घटनेचा एक धागा मयेपासून थोड्याच अंतरावर, डिचोली शहरालगतच्या लामगावात सापडतो.

केरीची मुलगी

केसरबाई केरकर यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी केरी येथे झाला. गोव्यात केरी नावाची एकाहून अधिक गावे असल्याने येथे खुलासा आवश्यक ठरतो. हे केरी पेडण्यातील तेरेखोलसमोरचे नव्हे, सत्तरीतीलही नव्हे. ते फोंडा तालुक्यातील होय. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. देवळाच्या आश्रयाने गायन-नर्तनाची परंपरा जपणाऱ्या कलावंत समाजात त्यांचा जन्म झाला. या समाजातील स्त्रियांनी संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, आणि त्याच कारणासाठी प्रतिष्ठित समाजाने त्यांना दूरही ठेवले. मैफलीत मान आणि उंबरठ्यावर अव्हेर, अशा दुहेरी वागणुकीत त्या मुलींचे बालपण जाई. केसरबाईंच्या पुढील आयुष्यातील करारीपणा आणि मानधनापासून आसनव्यवस्थेपर्यंत स्वतःचा मान राखण्याविषयीची त्यांची दक्षता या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. तिला केवळ लहरीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या. तेथे आठ महिने त्यांना अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली. गोव्यात परतल्यावर त्यांचे शिक्षण रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे सुरू राहिले. वझेबुवा (१८७१–१९४५) हे मूळचे सावंतवाडी परिसरातले आणि ग्वाल्हेर गायकीचे नामांकित गवई. ते लामगावी येत, तेव्हा केसरबाई त्यांच्याकडे शिकत. जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्यांसाठी इतिहासाचे अभ्यासक लामगावला ओळखतात. संगीताच्या इतिहासात त्याची नोंद या तालमीमुळे व्हावी. केरी आणि लामगाव यांच्यामध्ये मांडवी आहे. नदीवर पूल नसण्याच्या त्या काळात एका लहान मुलीची ही तालीम कशी होत असेल, याची कल्पना आजही होडी आणि फेरी यांच्या वेळा सांभाळणाऱ्या डिचोली-फोंड्यातील वाचकांना सहज करता येईल.

सोळाव्या वर्षी केसरबाई आई आणि मामा यांच्यासह मुंबईला गेल्या. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे, नंतर थोडा काळ भास्करबुवा बखले यांच्याकडे आणि पुन्हा वझेबुवांकडे त्या शिकल्या. कथेतील नायक दोन-तीन प्रकरणांत विद्या मिळवून बाहेर पडतो. येथे मात्र गुरू मिळत होते आणि सुटत होते. कोणी दरबारी नोकरीवर निघून जाई, कोणाची तालीम मध्येच खंडित होई. अखेर १९२१ साली जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. लोकांसमोर गाऊ शकणाऱ्या गायिकेने त्या वयात पुन्हा पायापासून सुरुवात करणे ही सोपी गोष्ट नव्हती. पुढील अकरा वर्षे ही तालीम अत्यंत कसून चालली आणि त्यानंतरही खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, त्या शिकतच राहिल्या.

जादू कशाची

अल्लादिया खाँ यांचा स्वतःचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनाने बसला होता. पूर्वीचा सुरेल, हलका गळा परत आला नाही. तेव्हा उरलेल्या भारदस्त आवाजाला शोभेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली गायकीची वैशिष्ट्ये या कहाणीशी जोडलेली आहेत. तीत आलाप मोकळ्या आकारात, लयीला धरून चालतो. स्वरांची साखळी सरळ न जाता वळसे घेत, एका आवर्तनात गुंफली जाते आणि समेवर अशी येते की श्रोत्याला ती अनपेक्षितही वाटावी आणि अटळही. जोडरागांचा आणि अनवट रागांचा साठा हे या घराण्याचे धन. हे सारे पेलण्यासाठी दमसास प्रचंड लागतो. एक लांब फिरत श्वास न तोडता पुरी करण्यामागे वर्षानुवर्षांची खर्जाची मेहनत असते.

केसरबाईंच्या गाण्याचे वर्णन करताना समकालीनांनी या आकाराचा उल्लेख वारंवार केला आहे. मंद्रापासून तारसप्तकापर्यंत तोच भरीव, गोल आवाज; कोठेही चोरटेपणा नाही. संगीताला जादू म्हणण्याची प्रथा आहे खरी, परंतु ती जादू म्हणजे सुमारे चाळीस वर्षांचा रियाज, हे येथे स्पष्ट दिसते. रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या गायनाचे चाहते होते. कोलकात्यातील संगीतरसिकांच्या संस्थेने त्यांना ‘सुरश्री’ ही पदवी दिली आणि तीच त्यांच्या नावापुढे कायमची जडली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्यगायिका म्हणून गौरवले.

ध्वनिमुद्रणाविषयी मात्र त्या अखेरपर्यंत साशंक राहिल्या. मेहनतीने मिळवलेली चीज तबकडीवरून कोणीही उचलावी, हे त्यांना मान्य नव्हते. शिष्यही त्यांनी फार केले नाहीत. धोंडूताई कुलकर्णी हे त्यांतील ठळक नाव. परिणामी मागे राहिलेले ध्वनिमुद्रण मोजकेच आहे. त्यातही जुन्या तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळे. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवणे म्हणजे वटवृक्ष कुंडीत लावणे. अशाच एका तबकडीवर भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही रचना होती. एकटीच निघालेल्या स्त्रीला ‘कुठे निघालीस’ असे विचारणारी ही चीज. भैरवी मैफलीच्या शेवटी गाण्याचा आपल्याकडे प्रघात आहे.

१९७७ : एक विलक्षण वर्ष

१९७७ हे वर्ष या विषयाच्या अभ्यासकाने वेगळे काढून पाहावे असे आहे. त्या वर्षी मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. वाळवंटी ग्रहावरचा एक शेतकरी मुलगा वृद्ध गुरूच्या हाताखाली मोठा होतो, ही त्याची कथा. नोव्हेंबरमध्ये ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ आला. त्यात माणूस आणि परग्रहवासी यांच्यातील संवाद पाच स्वरांच्या एका धुनेतून घडतो. या दोहोंच्या मध्ये, सप्टेंबरमध्ये, टॉल्किन यांचे ‘द सिल्मरिलियन’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच भागात विश्वाची निर्मिती समूहगायनातून होते.

याच वर्षी नासाने दोन व्हॉयेजर याने सोडली. व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्ट रोजी आणि व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबर रोजी निघाले. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची, बारा इंच व्यासाची एकेक तबकडी बसवलेली होती. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील समितीने तिच्यातील आशय निवडला. त्यात पृथ्वीवरील चित्रे आहेत, पाऊस, वारा, पक्षी यांचे आवाज आहेत आणि ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत मराठीचा समावेश आहे, कोकणीचा नाही. संगीत सुमारे दीड तासाचे असून त्यात सत्तावीस रचना आहेत. बाख, बेथोव्हन, मोझार्ट यांच्याबरोबर जावाचे गामेलान, अमेरिकेतील ब्लूज आणि चक बेरी यांचे रॉक अँड रोल आहे. भारताच्या वाट्याला एकच जागा आली. ती केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’ या रचनेला मिळाली.

ही निवड सुचवली ती संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी. भारतीय अभिजात संगीताचा नमुना म्हणून त्यांच्या यादीत ही तबकडी अग्रस्थानी होती. अडचण इतकीच की ती बाजारात मिळेनाशी झाली होती. समितीच्या सदस्य ॲन ड्रुयान यांनी शोध घेता घेता न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचे दुकान गाठले. तेथे टेबलाखालच्या एका खोक्यात तिच्या न उघडलेल्या तीन प्रती निघाल्या. ब्रह्मांडाच्या प्रवासाला निघालेल्या सुराची सुरुवात अशी एका दुकानाच्या अडगळीतून झाली, हे कोणत्याही कल्पित कथेला साजेसे आहे.

निर्वात पोकळीत नाद प्रवास करीत नाही. त्यामुळे यान जाते, सूर नाही. सूर तांब्यातील खाचांत आहे. तो ऐकता यावा म्हणून सुई सोबत दिली आहे आणि ती कशी लावावी, तबकडी कोणत्या गतीने फिरवावी, याच्या खुणा आवरणावर कोरलेल्या आहेत. मिनिट-सेकंद परक्यांना कसे कळणार, म्हणून काळाचे माप हायड्रोजनच्या अणूवरून दिले आहे. सूर्याचा ठावठिकाणा चौदा स्पंदक ताऱ्यांच्या संदर्भाने दाखवला आहे. आवरणावर शुद्ध युरेनियमचा अंश आहे. त्याच्या ऱ्हासावरून तबकडीचे वय काढता येईल.

व्हॉयेजर-१ ने ऑगस्ट २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर-२ ने नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. एक यान ग्रहांच्या प्रतलाच्या उत्तरेकडे, दुसरे दक्षिणेकडे गेले आहे. म्हणजे हीच भैरवी दोन दिशांना निघाली आहे. व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि त्याच्या संदेशाला येथे पोहोचण्यास बावीस तासांहून अधिक वेळ लागतो. सुमारे ४०,००० वर्षांनी ते ग्लिझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल.

केसरबाईंनी साठच्या दशकातच मैफली थांबवल्या होत्या. व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोव्यात त्यांच्या नावाने दर वर्षी नोव्हेंबरमध्ये संगीत समारोह भरतो आणि राज्याबाहेरचे गायक-वादक त्यासाठी येतात. फोंड्यातील केरीत ज्या जागी त्यांचे दुसरे घर होते, तेथे आता सुरश्री केसरबाई केरकर विद्यालय भरते. जन्मघर तेथून किलोमीटरभराच्या आत आहे.