शंभरचं टाक!

आपल्या तालुक्यात पंपावर कुणी लिटरमध्ये पेट्रोल मागत नाही. शंभरचं टाक, दोनशेचं टाक, महिनाअखेर असेल तर पन्नासचं. भाव वाढला तरी आपल्या तोंडची रक्कम तीच राहते, टाकीत पडणारं पेट्रोल तेवढं कमी होतं. म्हणून वाढ पटकन जाणवत नाही. जाणवते ती नेहमीच्या जागेच्या दोन गावं अलीकडेच गाडी रिझर्व्हला लागते तेव्हा.

पेट्रोलच्या भाववाढीचा इतिहास आपण नेहमी अरब देश आणि दिल्ली यांच्या अंगाने वाचतो. आज तो गाडीवाल्याच्या बाजूने मांडून बघू.

सुरुवात १९७३ पासून. ऑक्टोबरमध्ये इस्रायल आणि अरब देशांत युद्ध पेटलं, अरबांनी तेल आखडलं आणि साधारण ३ डॉलरचं पिंप काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेलं. आपल्याकडेही भाव भडकले. त्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी इंधन वाचवण्याचा संदेश द्यायला घोड्याच्या बग्गीतून निघाल्या, आणि अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधात बैलगाडीतून संसदेत गेले. दोन्हींकडे नाटकाचा भाग होताच. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तेव्हा भाव सरकार ठरवत होतं आणि ते सगळ्या देशाला माहीत होतं. शिव्या कुणाला घालायच्या, यात गोंधळ नव्हता.

भाव ठरवताना सरकारचं गणित असं होतं : पेट्रोल म्हणजे मोटारवाल्याचं, म्हणजे खात्यापित्या माणसाचं इंधन. ते महाग ठेवायचं आणि त्यातून रॉकेल, डिझेल, गॅस स्वस्त ठेवायचा. १९७३ ला हे बऱ्यापैकी खरंही होतं. पुढे ते खरं राहिलं नाही, कारण साध्या माणसाने आपली सोय करून घेतली. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या कायनेटिकच्या लुनाने शिक्षक, पोस्टमन, दूधवाला यांना सायकलवरून उतरवलं. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी जायची सोय तिच्यात होती! १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली. तिची जाहिरातच मुळी लिटरला ८० किलोमीटर अशी होती. टू-स्ट्रोक स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकटही नाही. 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न आपल्याकडे गाडीच्या रंगाआधी विचारला जातो, तो उगाच नाही.

२०१४ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत दिसलं की, देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१ टक्क्यांहून अधिक दुचाकींमध्ये जातं. म्हणजे पेट्रोलवरचा कर हा आता मुख्यतः मोटरसायकलवाल्यावरचा कर आहे. श्रीमंतांसाठी म्हणून लावलेला दंड गरिबाच्या हँडलला कधी येऊन लटकला, ते कुणी जाहीर केलं नाही.

स्वस्त रॉकेल आणि महाग पेट्रोल, या फरकाने आणखी एक धंदा उभा केला. भेसळीचा. रेशनचं रॉकेल रिक्षात आणि टँकरमध्ये जाऊ लागलं. इंजिनं धूर ओकत होती आणि मेकॅनिक ओळखून होते. या धंद्याला आडवे गेलेले मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीत भरदिवसा जाळून मारलं गेलं. दरातल्या तफावतीची किंमत महाराष्ट्राने अशीही मोजली आहे. त्याच काळात घरगुती सिलिंडर चोरून ओम्नी व्हॅनला जोडायची पद्धत गावोगावी होती, आणि त्या व्हॅनमध्ये शाळेची पोरंही बसत. परवडत नसलेला माणूस जिवाची जोखीमही काटकसरीत धरतो.

आता भाव ठरवण्याची गोष्ट. २६ जून २०१० ला पेट्रोल नियंत्रणमुक्त झालं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल. सांगितलं गेलं की जगात तेल महागलं तर महाग, स्वस्त झालं तर स्वस्त. पहिला अर्धा भाग पाळला गेला. दुसऱ्या अर्ध्याचं काय झालं बघा. २०१४ नंतर कच्चं तेल शंभरीवरून घसरत २०१६ च्या जानेवारीत ३० डॉलरच्याही खाली आलं. त्याच दरम्यान केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, पेट्रोलवर लिटरमागे एकूण ११ रुपये ७७ पैसे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेल मातीमोल झालं, तर मे महिन्यात एका फटक्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढलं. २०१४ मध्ये पेट्रोलवर ९ रुपये ४८ पैसे असलेलं शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर पोचलं. स्वस्ताईचा मलिदा टाकीपर्यंत आलाच नाही.

आणि राज्य सरकारं काही मागे नाहीत, पक्ष कुठलाही असो. २०१५ मध्ये दुष्काळनिवारणासाठी म्हणून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. ज्याचं पीक जळालं, तो शेतकरी तहसीलला अनुदानाची चौकशी करायला मोटरसायकलवर जाताना स्वतःच्याच दुष्काळाचा कर भरत होता. २०१७ ला महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाली, महसूल बुडाला, तर पेट्रोलवर आणखी ३ रुपये. म्हणजे न पिणाऱ्यानेही दारूची भरपाई केली.

सगळ्यात मोठा बदल मात्र १६ जून २०१७ चा. त्या दिवसापासून देशभर भाव रोज बदलू लागले. मी वार्ताहर म्हणून सुरुवात केली तेव्हा 'आज मध्यरात्रीपासून दरवाढ' ही हमखास पहिल्या पानाची बातमी असायची. संध्याकाळी पंपांवर रांगा लागायच्या, आम्ही फोटो काढायचो, दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा निघायचा. रोज १५ पैसे, २० पैसे वाढायला लागल्यावर रांग गेली, फोटो गेला, मोर्चाही गेला. १५ पैशांसाठी कोण रस्त्यावर उतरणार? मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. मराठवाड्यात परभणीकरांनी ती त्याआधीच बघितली होती, कारण तिथलं पेट्रोल मनमाडहून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकरने येतं आणि ते भाडंही गिऱ्हाईकच देतं.

रोज बदलणारा भाव थांबू शकतो, हेही आपण पाहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये शुल्क कमी झालं आणि नंतर १३७ दिवस भाव हलला नाही. मध्ये पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल लागले, आणि २२ मार्च २०२२ पासून १६ दिवसांत १४ वेळा वाढ, एकूण १० रुपये. योगायोग म्हणायचं तर म्हणा.

या पन्नास वर्षांत जुळवून घेतलं ते फक्त गाडीवाल्याने. उतारावर गाडी न्यूट्रल केली (ही धोक्याची सवय आहे, करू नका), रिझर्व्हमधली आडवी करून चालवली, शेजाऱ्यासोबत एका गाडीवर बाजार केला, पोरीच्या क्लासची एक फेरी कमी केली. २०१० च्या जूनमध्ये दिल्लीत पेट्रोल ५१ रुपयांच्या घरात होतं, म्हणजे शंभरात जवळजवळ दोन लिटर. लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी त्यात शंभरएक किलोमीटर जायची. लिटर शंभरीपार गेल्यापासून त्याच नोटेत पन्नासही होत नाहीत. गावापासून तालुक्याचं अंतर काही कमी झालेलं नाही, आणि एसटी दिवसातून दोनदाच येते.

म्हणून मंडळी, एक साधं काम सुचवतो. महिनाभर पंपावर रुपयांऐवजी लिटरमध्ये मागा, 'दोन लिटर टाक' म्हणा, आणि पावती जपून ठेवा. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की खिशातून किती गेले ते कळेल. आणि मत मागायला येणाऱ्याला, कुठल्याही पक्षाचा असो, 'भाव कधी कमी होणार' एवढंच विचारू नका. 'तेल स्वस्त झालं तेव्हा तुमच्या सरकारने कर किती वाढवला?' हे विचारा. पहिल्या प्रश्नाला आश्वासन मिळतं, दुसऱ्याला आकडा द्यावा लागतो.

कुणाकडे पंपाच्या जुन्या पावत्या, लुना-एम८० च्या जमान्यातल्या हिशेबाच्या वह्या असतील तर मला जरूर कळवा. आपल्या तालुक्याचा पेट्रोलचा इतिहास त्या वह्यांतच आहे.