मौन केव्हा मोडावे?

बायबलच्या जुन्या करारात मौनाची थोरवी पुष्कळ सांगितली आहे. जिभेला आवर घालतो तो शहाणा, हा ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाचा आवडता उपदेश. ‘उपदेशक’ तर मौन आणि भाषण या दोहोंनाही आपापला समय नेमून देतो. परंतु तो समय ओळखावा कसा, हे सांगत नाही. आमच्या मते त्याची खूण ‘नीतिसूत्रे’च्या अखेरच्या अध्यायात आहे. ज्याला वाचा नाही त्याची बाजू तू मांड, असे लमुएल राजाची आई तेथे मुलाला बजावते. म्हणजे बोलणे कोणासाठी, हीच कसोटी.

ही कसोटी जर्मनीत प्रत्यक्ष लागली. मनोरुग्ण व अपंग यांना गुप्तपणे ठार मारण्याची योजना हिटलरच्या राजवटीने १९३९ साली आखली. म्युन्स्टरचे कॅथलिक बिशप फॉन गालेन यांच्या कानी ती वार्ता १९४० च्या जुलैतच आली होती. जाहीर निषेधाचा विचार त्यांनी कार्डिनल बर्ट्राम यांना कळविला. उत्तर आले सबुरीचे. पत्रे, अर्ज, विनंत्या चालू राहिल्या. हत्याही चालू राहिल्या.

अखेर ३ ऑगस्ट १९४१ रोजी गालेन यांनी चर्चमधील प्रवचनात सारे उघड केले. निरुपयोगी माणसाला मारण्याचा हक्क एकदा मान्य केला, तर रणांगणावरून पंगू होऊन परतलेला सैनिकही वाचणार नाही, असा त्यांचा इशारा होता. प्रवचनाच्या नकला हातोहात देशभर गेल्या. २४ ऑगस्टला हिटलरने योजना थांबविण्याचा हुकूम दिला. तोवर सत्तर हजारांवर बळी गेले होते. पुढेही उपासमारीने व विषारी औषधांनी हत्या छुप्या रीतीने होतच राहिल्या. गालेन यांना हात लावण्यास सत्ता कचरली. पण त्यांची प्रवचने वाटणारे ल्यूबेकचे तीन कॅथलिक व एक प्रॉटेस्टंट धर्मगुरू १० नोव्हेंबर १९४३ रोजी शिरच्छेदाला सामोरे गेले. आणि ज्यूंच्या संहाराविरुद्ध मात्र गालेन यांनी असा जाहीर आवाज उठविला नाही, हेही इतिहासाला नोंदवावे लागते.

सबुरीला भ्याडपणा म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. सूडाची भीती खोटी नव्हती. परंतु आपल्या मौनाची किंमत आपणच देत असू, तोवरच ते शहाणपण. ती दुसऱ्याच्या प्राणांनी चुकती होऊ लागली, की मौनाचा समय सरला असे समजावे.