नसलेल्या पत्त्यावरचे टपाल : स्पॅम आणि तक्रारीचा इतिहास

पत्ता सापडला नाही तर पोस्टमन पत्रावर शेरा मारून ते परत पाठवतो. ईमेलच्या रचनाकारांनीही तशीच सोय ठेवली होती. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ मध्ये एसएमटीपीचे नियम मांडले. पाठवणारा सर्व्हर आधी प्रेषकाचा आणि मग प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतो. तसा पत्ताच नसेल तर ५५० हे उत्तर मिळते. मजकूर पाठवण्याची पाळी त्यानंतरची. हा क्रम लक्षात ठेवा.

३ मे १९७८ रोजी डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली. तेव्हा पत्ते छापील निर्देशिकेतून घेतले होते, म्हणजे ते खऱ्या माणसांचे होते. १९९० च्या दशकात इंटरनेट व्यापाराला खुले झाले आणि स्पॅम पाठवणारे पत्ते अंदाजाने बनवू लागले. नावांची यादी घ्यायची, प्रत्येकापुढे डोमेन जोडायचे आणि पाठवत सुटायचे. ज्याला ५५० येत नाही तो पत्ता खरा! यालाच शब्दकोश-हल्ला म्हणतात. सौजन्याचे उत्तर अशा रीतीने हेरगिरीचे साधन बनले. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने असे पत्ते बनवणे हा गुन्हा अधिक गंभीर करणारी बाब ठरवली.

मग सगळेच टपाल आधी स्वीकारून नंतर परत पाठवले तर? प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असतो. त्यामुळे परतीचे टपाल भलत्याच निरपराध माणसाच्या माथी पडते. म्हणून दारातच नकार देणे योग्य ठरले.

पण इथे एक पेच आहे. दारातच नकार दिला की मजकूर हाती येत नाही; उरते ती फक्त लॉगमधली नोंद. आणि तक्रारीला पुरावा लागतो. १९९७ च्या आरएफसी २१४२ ने तक्रारींसाठी 'अब्यूज' हे ठरावीक पत्तानाम सुचवले. १९९८ मध्ये ज्युलियन हेट यांनी स्पॅमकॉप ही तक्रारसेवा सुरू केली. यातूनच सापळा-पत्त्यांचे महत्त्व कळते. जो पत्ता कधीच कुणाचा नव्हता, त्याने कुठेही नाव नोंदवलेले असणे शक्य नाही. त्यामुळे तिथे आलेले टपाल मुद्दाम स्वीकारून पुरावा म्हणून जपता येते.

तरीही सावध राहा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा बंद पत्ता हा सापळा नव्हे. त्याने पूर्वी स्वतःच वर्गणी घेतलेली असू शकते. टंकनाची एखादी चूक म्हणजे स्पॅम नव्हे. तक्रार करताना 'प्रेषक' या ओळीवर विसंबू नका. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरने नोंदवलेला आयपी पत्ता, वेळ आणि कालविभाग द्या, आणि तक्रार त्या आयपीच्या नेटवर्कचालकाकडे करा. तो सर्व्हर दुसऱ्या एखाद्या कॉलेजचा, व्हायरसने ग्रासलेला संगणकही असू शकतो. तिथल्या माणसाला तुमची नेमकी तक्रार उपयोगी पडेल. मोघम तक्रारीने मात्र त्याचे सगळे टपाल अडण्याची भीती आहे.

विचार करा : तुमच्या विभागाच्या सर्व्हरवर नसलेल्या पत्त्यांना तुम्ही कोणते उत्तर द्याल, आणि का?