पराभवाचें वर्ष : सेंट मेरीज कॉलेज, १९४४

ज्युबिलीच्या पुस्तकांत विजयांचीं वर्णनें पुष्कळ येतात. प्रस्तुत लेखकास एका कॅथॉलिक कॉलेजच्या अशा वर्षाची हकीगत सांगावयाची आहे, कीं ज्यांत त्याच्या संघास एकहि विजय मिळाला नाहीं.

कॅलिफोर्नियांत सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोरागा येथें सेंट मेरीज कॉलेज आहे. १८६३ सालीं आर्चबिशप आलेमानी यांनीं तें स्थापिलें. १८६८ पासून संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांच्या संस्थेचे ब्रदर्स तें चालवूं लागले. विद्यार्थी थोडे, तरी अमेरिकन फुटबॉलमध्यें त्याची कीर्ति देशभर होती. (हा खेळ लंबगोल चेंडू हातीं घेऊन, धावून व झुंजून खेळतात, आपल्या फुटबॉलशीं त्याचें साम्य नांवापुरतेंच.) २ जानेवारी १९३९ रोजीं ‘कॉटन बोल’ सामन्यांत त्यांनीं टेक्सस टेक संघाचा पराभव केला होता.

पुढें युद्ध आलें. १९४२ सालीं नौदलानें वैमानिकांच्या पूर्वशिक्षणाची शाळा ह्याच आवारांत उघडली. उमेदवारांचीं शरीरें कणखर करण्यासाठीं तेथें फुटबॉलहि शिकवीत, आणि शाळेचा स्वतःचा संघ मैदानांत उतरे. एकाच आवारांत दोन संघ! नौदलाच्या संघांत कसलेले गडी; कॉलेजच्या संघांत भरतीच्या वयास न पोहोंचलेलीं किंवा सैन्यानें नाकारलेलीं मुलें. त्याच वर्षाच्या अखेरीस भरतीचें वय अठरावर आलें होतें, तेव्हां उरणार तरी कोण? शेजारच्या मोठ्या विद्यापीठांस नौदलाच्या ‘व्ही-१२’ योजनेंतील विद्यार्थी खेळाडू म्हणून लाभत. ती सोय मोरागास नव्हती.

शिक्षक जिम फेलन हे नोत्र दामचे जुने खेळाडू, पर्ड्यू व वॉशिंग्टन येथें नांव मिळविलेले. १९४३ सालीं त्यांच्या संघानें दोन सामने जिंकले, पांच गमावले. त्या संघांतील हवाईचा तरबेज मुलगा हर्मन वेडमायर पुढच्या वर्षीं व्यापारी जहाजांवर गेला. १९४४ सालीं पांच सामने झाले, पांचहि हरले.

संघ बंद ठेवावयास हवा होता काय? फोर्डम व जॉर्जटाऊन या जेझुइट विद्यापीठांनीं १९४३ ते १९४५ पर्यंत संघच उतरविला नाहीं. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं; मात्र त्या वर्षांत त्यांच्या नांवावर पराभवहि नाहीं. नोंदवहींत न खेळणारा स्वच्छ दिसतो व खेळून हरणारा उघडा पडतो, हें लेखकास न्यायाचें वाटत नाहीं. अर्थात् त्या मुलांस वीर ठरविण्याचीहि गरज नाहीं. तीं खेळलीं, एवढेंच.

१९४५ सालीं वेडमायर परतला. बहुतेक कोंवळ्या पोरांच्या त्या संघानें कॅलिफोर्निया व दक्षिण कॅलिफोर्निया या दोन्ही विद्यापीठांना हरविलें आणि न्यू ऑर्लिन्सच्या ‘शुगर बोल’ सामन्याचें आमंत्रण मिळविलें. तेथें १ जानेवारी १९४६ रोजीं ओक्लाहोमा ए. अँड एम्. संघानें त्यांस ३३–१३ असें हरविलें.

फेलन यांच्या मोरागा येथील सहा वर्षांची बेरीज २४ विजय, २५ पराभव व १ बरोबरी अशी निघते. १९४४ चे पांच पराभव त्यांत धरलेले आहेत.