नाव डुंडासचं, घाम कोणाचा?

इंग्लंडात बाथजवळ एव्हन नदीच्या डोक्यावरून आख्खा कालवा जातो. डुंडास जलसेतू. तीन कमानी, मधली 64 फुटांची. काम 1797 साली सुरू झालं. इंजिनियर जॉन रेनीला हव्या होत्या विटा. कालवा कंपनीनं जवळच्या खाणींचा दगडच रेटला. थंडीनं दगड फुटला, पाणी गळलं.

नाव मात्र चढलं कंपनीच्या अध्यक्षाचं, चार्ल्स डुंडासचं. त्या काळी कालवे खणणारे सगळेच नुसते 'नॅव्ही'. मलाबी गिरणीत 'ए बदली' अशीच हाक येते.

1852 साली रेल्वे कंपनीनं कालवाच गिळला. 1857 पासून पुलाखालून आगगाडी धावू लागली. दगडाला ठिगळं लावली रेल्वेनंच. कशाची? विटांची!

1954 साली गळतीपायी पूल बंद पडला. 1984 ला पुन्हा बोटी चालू.