जठर लहान करायचं की अन्नाची वाट बदलायची?



मला वारंवार एक प्रश्न येतो. वजन हाताबाहेर गेलंय, डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात, तर स्लीव्ह करावी की बायपास? मी डॉक्टर नाही, वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यासक आहे. त्यामुळे कोणती करा हे मी सांगणार नाही. पण या शस्त्रक्रिया कुठून आल्या हे कळलं, तर डॉक्टरांना काय विचारायचं ते नीट कळतं.

सुरुवात होते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. १९५४ साली तिथल्या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. तर्क सरळ होता: अन्न शोषायला जागाच उरली नाही, तर वजन उतरेल. पुढे माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि वजन खरोखरच उतरलं. पण मागोमाग न थांबणारे जुलाब, जीवनसत्त्वांची कमतरता आणि मूतखडे आले. काहींचं तर यकृत निकामी झालं. अनेकांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं. काट्यावरचा आकडा कमी झाला म्हणजे रुग्ण बरा झाला, असं नसतं. या रुग्णांनी ते स्वतःच्या शरीरावर सोसून दाखवलं.

दुसरी वाट आयोवात निघाली. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन सहसा वाढत नाही. १९६६ मध्ये त्यांनी जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडला. हाच गॅस्ट्रिक बायपास. पुढे १९७७ मध्ये त्याला इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी मिळाली. ती जोडणी मूळची सेझार रू या स्विस शल्यविशारदाची, म्हणून तिच्या नावात आजही ‘रू’ आहे.

मग १९९५ मध्ये वॉल्टर पोरीस यांनी एक थक्क करणारी गोष्ट मांडली. बायपासनंतर मधुमेहींची साखर काही दिवसांतच आटोक्यात येत होती, वजन फारसं उतरायच्या आधीच! म्हणजे जठर आणि आतडं ही नुसती पिशवी आणि नळी नव्हे. तिथून हार्मोन्सही सुटतात.

मधल्या काळात जठराभोवती बसवायचा बँड आला. कापाकापी नाही, नको असेल तर काढता येतो. सगळ्यांत सुरक्षित वाटणारा हाच पर्याय मागे पडला, कारण बँड सरकायचा, जठरात रुतायचा, वजन परतायचं.

आणि स्लीव्ह? ती मुळात पूर्ण शस्त्रक्रिया नव्हतीच. अतिशय जास्त वजनाच्या रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया एका दमात करणं धोक्याचं, म्हणून पहिला टप्पा म्हणून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवायचे. कित्येकांचं वजन तेवढ्यानेच इतकं उतरलं, की दुसऱ्या टप्प्याची गरज पडली नाही. आज जगात सर्वाधिक होते ती हीच. मात्र काढलेलं जठर परत बसवता येत नाही.

मग दोन्हींत सरस कोणती? २०१८ मध्ये स्वित्झर्लंड आणि फिनलंडमधल्या अभ्यासांचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. वजनातला फरक फार मोठा नव्हता. पण स्लीव्हनंतर छातीत जळजळण्याचा, आम्ल वर येण्याचा त्रास अधिक दिसतो. बायपासमध्ये आतड्याची वाट बदलल्यामुळे पोषणद्रव्यं कमी शोषली जातात, आणि गोड खाल्ल्यावर चक्कर, घाम, धडधड होऊ शकते. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी दोन्हींनंतर जन्मभर चालू ठेवावी लागते.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली मर्यादा होती बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ती खाली आली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ सुचवली गेली, कारण मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो.

म्हणून ‘किती किलो उतरतील?’ एवढंच विचारून उठू नका. मला जळजळीचा त्रास आहे, मग स्लीव्ह चालेल का? माझा मधुमेह किती वर्षांचा, त्यावर कशाचा उपयोग जास्त? दहा वर्षांनी माझ्या तपासण्या कोण बघणार? हेही विचारा. मिनेसोटातल्या त्या पहिल्या रुग्णांना याची उत्तरं द्यायला कोणी नव्हतं. तुमच्या डॉक्टरांकडे आज ती असायला हवीत.